नक्कल आणि मूळ संहिता



वाचनालय म्हटले की मूळ ग्रंथ आणि नक्कल हा भेद ओघानेच येतो. पोथीचा लेखनिक नक्कल पुरी झाल्यावर चुकांचा दोष मूळ प्रतीवर सोपवी. तोच जुना प्रश्न आज खगोलविज्ञानात नव्या वेषाने उभा आहे.

अतितीव्र ऊर्जेचा गॅमा किरण वातावरणात शिरला म्हणजे इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचा वर्षाव सुरू होतो. हवेतील प्रकाशाहून वेगाने धावणाऱ्या या कणांमुळे निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश उमटतो. तो सेकंदाचे काही अब्जांशच टिकतो. भव्य आरशांच्या दुर्बिणी त्याचे चित्र टिपतात. १९८९ मध्ये अमेरिकेतील व्हिपल वेधशाळेने याच रीतीने क्रॅब तेजोमेघाचे गॅमा किरण निश्चितपणे ओळखले. लडाखमधील हानले येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या २१ मीटर व्यासाच्या ‘मेस’ दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तिच्या उभारणीत हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनचाही हात आहे.

अडचण अशी की, विश्वकिरणांतील प्रोटॉनही असेच वर्षाव घडवितात आणि त्यांची संख्या कितीतरी पटींनी अधिक असते. गॅमा किरणाचे चित्र लांबट व नेटके, प्रोटॉनचे बहुधा विस्कळीत. ही पारख साधण्यास खात्रीचे नमुने हवेत; परंतु ज्ञात ऊर्जेचा असा किरण वातावरणाच्या माथ्यावर सोडून पाहणे मनुष्याच्या हाती नाही. म्हणून जर्मनीतील कार्ल्सरूह येथे विकसित झालेल्या ‘कॉर्सिका’सारख्या संगणकप्रणालीत कणाकणाचा प्रवास गणिताने रचतात. या सिम्युलेशनला संगणकाचा प्रचंड वेळ लागतो.

येथे न्यूरल नेटवर्क साहाय्यास येते. २०१४ मध्ये इयन गुडफेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत दोन जाळी परस्परांशी झुंजतात : एक चित्र घडविते, दुसरे त्याचा खरेखोटेपणा तपासते. या झुंजीत पहिले तरबेज होते. नामिबियातील ‘हेस’ दुर्बिणींसाठी जर्मन संशोधकांनी या मार्गाने वर्षावांची चित्रे हजारो पटींनी शीघ्र निर्माण केली आहेत.

मात्र वेग म्हणजे सत्य नव्हे. हे जाळे आकाश पाहत नाही. ते सिम्युलेशन पाहून शिकते. सिम्युलेशनमधील त्रुटी नकलेतही उतरते. शिवाय गॅमासारखा भासणारा क्वचित प्रोटॉन हाच खरा फसविणारा; आणि जे नमुन्यात विरळ, तेच नकलेत निसटण्याची भीती अधिक. तो निसटला, तर आकाशात नसलेला उगम शास्त्रज्ञांना दिसू लागेल. म्हणूनच चित्रांची लांबी, रुंदी व तेज यांचा मूळ गणिताशी पुनःपुन्हा ताळा घ्यावा लागतो.

पाठशुद्धी करणारा संपादक पाठभेद जुळवून पाहतो, त्याच जातीचे हे काम आहे. नकलांमुळे ग्रंथ घरोघर पोहोचले. परंतु मूळ प्रत जपणारे कपाट होते, म्हणूनच त्या नकला विश्वासार्ह ठरल्या. विज्ञानालाही शीघ्र नकलाकार हवा, तसेच ते कपाटही हवे.