पाणी पोचतं, निरोप पोचत नाही



 सातारा-सांगलीच्या विज्ञानलेखकांच्या या संमेलनातल्या माझ्या अध्यक्षीय भाषणाचा विषय मी फोनवर कळवला तेव्हा निमंत्रक जरा वेळ गप्पच झाले. मग म्हणाले, "सर, सांगलीत तिसऱ्या-कालवांवर, खाडीतल्या शिंपल्यांवर बोलणार? ऊस, हळद, द्राक्षं असं काही घेतलं असतं तर…" शंका रास्त आहे. पण माझं आजोळ पाटण तालुक्यातलं आणि मामी दाभोळ खाडीकाठची. ती गंमतीनं म्हणायची, "तुमच्या धरणाचं पाणी माझ्या आधीच माहेरी पोचतं."

ती खोटं बोलत नव्हती. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, एवढं आपण शाळेत शिकलो. पण १०५ टीएमसीच्या कोयना धरणातलं बरंच पाणी पूर्वेकडे येतच नाही. वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवण्याची मुभा कृष्णा पाणीवाटप लवादानं दिली. ते पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वाशिष्ठीत जातं, चिपळूणवरून दाभोळला समुद्राला मिळतं. उरलेलं सांगलीवरून बंगालच्या उपसागराकडे निघतं. एका साताऱ्याचा पाऊस दोन समुद्रांना जातो. तेव्हा समुद्र आपला नाही, असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

आता मामीच्या स्वयंपाकघरात जाऊ. तिसऱ्या शिजल्या की ती एकेक निरखायची. जिनं तोंड उघडलं नाही ती आधीच मेलेली, म्हणून टाकून द्यायची. नियम पिढ्यानपिढ्यांचा. पण एक विष असं आहे, की त्याच्यापुढे हा नियम चालत नाही.

तिसरी काय, कालव काय, दोरीवर वाढवलेला हिरवा शिंपला काय, हे जीव एका जागी बसून पाणी आत ओढतात, त्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातात आणि पाणी सोडून देतात. अलेक्झांड्रियमसारख्या काही शेवाळांत सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष असतं. अशा शेवाळाला बहर आला की ते विष शिंपल्याच्या मांसात साठत जातं. जीव मात्र जिवंत राहतो. शिजताना तोंड उघडतो, चवीलाही ताजाच लागतो. उकळून हे विष जात नाही आणि कोकमाच्या आंबटानं उतरत नाही. खाणाऱ्याच्या ओठांना मुंग्या येतात, हातपाय बधिर होतात. मात्रा जास्त असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. त्यावर उतारा नाही. रुग्णाचा श्वास यंत्रानं चालू ठेवून विष ओसरायची वाट पाहायची, एवढंच डॉक्टरांच्या हाती.

हे परदेशातलंच नाही. १९८३ मध्ये मंगळूरजवळ तिसऱ्या खाऊन लोक आजारी पडले. १९९७ च्या सप्टेंबरात केरळात विळिंजमला शिंपले खाऊन सात जण दगावले, पाचशेच्या आसपास लोक रुग्णालयात गेले. सुरक्षिततेची जगभर मानली जाणारी मर्यादा १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम. साखरेच्या जिल्ह्यात साखरेचंच माप देतो: साखरेच्या एका दाण्याचं वजन याहून जास्त भरतं.

मग डोळ्यांनी ओळखता येईल का? २०२० च्या नोव्हेंबरात कोकणच्या लाटा रात्री निळ्या चमकल्या आणि लोक गाड्या काढून बघायला गेले. तो नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवाचा बहर होता. तो हे विष बनवत नाही. उलट पाणी नितळ दिसत असतानाही शिंपल्यात विष असू शकतं. रंगावर भरवसा नाही, मांस तपासावंच लागतं.

बहराचं सगळं खापर मी शेतकऱ्यावर फोडणार नाही. पावसाळ्यात अरबी समुद्राचं खोलवरचं पोषक पाणी निसर्गतःच वर येतं. पण शहरांचं सांडपाणी आणि पिकानं न घेतलेला युरिया, अठरा-सेहेचाळीस (डीएपी) हेही शेवाळाचं खतच आहे. आपल्या कृष्णेत २०२३ च्या मार्चमध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला. तिथं प्रश्न विषारी शेवाळाचा नव्हता, प्रदूषणाचा होता. पण बातमी कधी झाली? मासे मेल्यावर.

माझं आजचं म्हणणं इथंच आहे. मित्रहो, निरोप कसा द्यावा, हे सांगलीला कुणी शिकवायला नको. पुरात इथला रिक्षावाला, भाजीवाली, शाळकरी पोरगं एकच विचारतं, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या महापुरात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तो आकडा आजही पाठ आहे. आकडा एक, जागा ठरलेली आणि ऐकणाऱ्याला पुढं काय करायचं ते ठाऊक. निरोप असा असतो.

खाडीपर्यंत निरोप पोचवायची वाट नाही, असंही नाही. मासे कुठं मिळतील, हे हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था मच्छीमारांना मराठीतही कळवते. उपग्रहावरून शेवाळबहराची माहितीही देते. मात्र उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, शिंपल्यातलं विष दिसत नाही. ते काठावरच्या प्रयोगशाळेनं तपासायचं. बहर ओसरला आणि पाणी स्वच्छ झालं, की बहुतेक शिंपले काही आठवड्यांत विष टाकून देतात. म्हणजे शिंपले पाळणाऱ्याला वेळेवर कळलं तर त्याचं पीक बुडत नाही, काढणी लांबते. उशिरा कळलं तर माणूस जातो आणि मागोमाग अफवेनं बाजारही.

यात आपलं काम कोणतं? आपण लिहितो, 'हानिकारक शैवाल-प्रस्फोटाची संभाव्यता'. माझी मामी हे वाचून तिसऱ्या काढायला गेली असती. तिला चार गोष्टी हव्यात: कुठल्या खाडीत, काय खायचं नाही, किती दिवस आणि शिजवून चालेल का. "पुढचं कळवेपर्यंत या खाडीतल्या तिसऱ्या काढू नका. शिजवल्या तरी विष जात नाही." अशी दोन वाक्यं लिहिणं दोन पानांच्या लेखाहून अवघड आहे. शास्त्रज्ञाकडून नेमकं समजून घेतल्याशिवाय ती लिहिताच येत नाहीत.

म्हणून या संमेलनाला माझी एकच सूचना आहे. घाटाखालच्या मत्स्यशास्त्रज्ञांना आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना सोबत घेऊन अशा सूचनांचा एक मसुदा आपण तयार करू. तो आधी खाडीकाठी मोठ्यानं वाचून दाखवू आणि जिथं त्या अडतील तिथं आपला शब्द बदलू. आपण हक्कानं विचारतो, आयर्विनला किती फूट? आपलंच पाणी जिच्या दारात जातं, तिलाही टोपली उचलण्याआधी विचारता आलं पाहिजे, "आमच्या खाडीत आज किती?"