भट्टीपासून रणांगणापर्यंत

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ग्रीन्सबर्ग गावी जॉन वाइल्डर यांची लोखंडाची फाउंड्री होती. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि हा कारखानदार फौजेत दाखल झाला. पुढं कर्नल झाला.

बंदुकीत एक गोळी ठासायची, झाडायची, पुन्हा ठासायची, असा तो काळ. दस्त्यातल्या नळीत सात काडतुसं मावणारी स्पेन्सर रायफल वाइल्डर यांनी हेरली. त्या रायफली घेण्यासाठी आपली पत पणाला लावून गावच्या बँकेतून पैसा उभा केला. जवानांनी पगारातून फेड कबूल केली. २४ जून १८६३ रोजी घोड्यांवरून दौडत वाइल्डर यांच्या ब्रिगेडनं टेनेसी राज्यातली हूव्हर्स गॅप खिंड काबीज केली.

युद्धानंतर त्याच टेनेसीत, चॅटानूगा परिसरात, त्यांनी लोखंडाचा कारखाना उभारला. ज्या राज्यात लढले, तिथल्याच चॅटानूगा शहराचे पुढं ते महापौर झाले!