तिसऱ्या मजल्यावरचे रहस्य

(एका वाचनालयाच्या बालविभागाने योजिलेल्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या मेळाव्यात कोणत्या विषयावर बोलाल, असे कार्यवाहांनी दूरध्वनीवर विचारले तेव्हा मी ‘हॅरी पॉटर’ म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. जन्मभर संस्कृत-मराठी शिकविलेल्या आणि पंधरा वर्षे वसतिगृह सांभाळलेल्या मास्तराने एका विलायती जादूगार पोरावर बोलावे, हे त्यांना बहुधा पटले नसावे. पण भले गृहस्थ, ‘बरे’ म्हणाले. आता आपणही थोडा वेळ ‘बरे’ म्हणावे, एवढीच विनंती.

गेल्या पावसाळ्यात माझ्या दहा वर्षांच्या नातीला रोज रात्री एक प्रकरण याप्रमाणे या मालिकेतले पहिले पुस्तक वाचून दाखविले. मराठी अनुवादकाने त्याच्या नावात ‘परीस’ हा शब्द योजिला आहे. किती नेमका शब्द! लोखंडाचे सोने करणारा परीस आपल्या संतवाङ्मयात ठायी ठायी भेटतो. मूळ इंग्रजी पुस्तक २६ जून १९९७ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. लेखिका जे. के. रोलिंग तेव्हा सर्वस्वी अपरिचित होत्या. अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठविले होते आणि पहिली आवृत्ती अवघ्या ५०० प्रतींची निघाली. सातवे आणि शेवटचे पुस्तक २००७ मध्ये आले, तोवर ही मालिका जगभर पोहोचली होती.

येथे येताना एका मातेने मला जिन्यातच गाठले. ‘गुरुजी, या जादूटोण्याने मुलांच्या डोक्यात भलतेसलते शिरणार नाही का?’ हा प्रश्न अमेरिकेतही फार गाजला. तेथील काही ख्रिस्ती पालकांनी ही पुस्तके शालेय ग्रंथालयांतून काढून टाका, असा आग्रह धरला. २००० ते २००९ या दशकात तेथे ज्या पुस्तकांवर आक्षेप घेतले गेले, त्यांच्या यादीत ही मालिका सर्वांत वर होती. आपण मात्र घाबरण्याचे कारण नाही. ज्या घरात मयसभेची कथा आणि वेताळाची पंचविशी आजीच्या तोंडून ऐकली जाते, त्या घराला उडत्या केरसुणीचे भय ते काय? वेताळाची गोष्ट ऐकून आपल्यापैकी कोणी रात्री स्मशानाकडे गेले नाही. मला या पुस्तकाविषयी बोलायचे आहे ते वेगळ्याच कारणासाठी. जादूचे सारे नेपथ्य बाजूला केले तर ही तीन शाळकरी मित्रांनी केलेल्या एका तपासाची गोष्ट आहे, आणि तो तपास चुकतो.

आपल्या पिढीला असा तपास नवा नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकता शिकता चोर-दरोडेखोरांच्या मागे धावला आणि आपण त्याच्यामागे धावलो. वसतिगृहाची शाळा, मुलांची टोळी आणि बंद दाराआडचे गुपित हा तर इंग्रजी बालवाङ्मयाचा जुना साचा. रोलिंगबाईंनी त्यात छडीच्या जागी जादूची कांडी ठेवली, इतकेच. जाता जाता एक गंमत सांगतो. या हॉगवर्ट्स शाळेत हॅरीच्या वर्गात पार्वती पाटील नावाची मुलगी आहे. तिची जुळी बहीण पद्मा दुसऱ्या तुकडीत. नेव्हिल नावाच्या भित्र्या वर्गबंधूची टवाळी होते तेव्हा टवाळखोराला जाहीरपणे गप्प करते ती ही पार्वतीच. हे वाचले तेव्हा नात म्हणाली, ‘आजोबा, ही आपल्याकडची!’

आता तपासाकडे वळू. हॅग्रिड हा शाळेचा राखणदार मनाने सरळ आणि तोंडाने मोकळा. तो हॅरीच्या वाढदिवशी त्याच्यादेखत एका पेढीच्या तळघरातून एक मळकी पुडी उचलतो. त्याच दिवशी ते तळघर कोणीतरी फोडते, पण आत काही नसते. पुढे शाळेत तिसऱ्या मजल्यावरील एका ओवरीकडे जाण्यास सक्त मनाई असते. मुले रात्री चुकून तेथे शिरतात आणि समोर तीन डोक्यांचा कुत्रा! सगळे त्या तीन डोक्यांकडे पाहत पळ काढतात. हर्मायनी तेवढी त्याच्या पायांकडे पाहते आणि तो एका तळदारावर उभा असल्याचे सांगते. भीतीच्या क्षणी जमिनीकडे पाहण्याची बुद्धी सर्वांना होत नाही.

मग हॅग्रिडच्या तोंडून निकोलस फ्लामेल हे नाव निसटते आणि मुलांचा ग्रंथालयातला शोध सुरू होतो. हा भाग मला फार प्रिय आहे. कांडी फिरवून काहीच कळत नाही. आठवड्यामागून आठवडे ही मुले जाड ग्रंथ उपसतात. नाव शेवटी सापडते ते चॉकलेटसोबत मिळालेल्या एका चित्रपत्रिकेवर, आणि माहिती मिळते ती हर्मायनीने विरंगुळा म्हणून ग्रंथालयातून नेलेल्या एका भल्यामोठ्या पोथीत. हा फ्लामेल निव्वळ कल्पित नाही बरे का. पॅरिसमध्ये या नावाचा एक लेखनिक खरोखर होऊन गेला. हस्तलिखिते नकलून विकणे हा त्याचा व्यवसाय. १४१८ मध्ये तो वारला. त्याने १४०७ मध्ये बांधविलेले घर पॅरिसमध्ये आजही उभे आहे. त्याला परीस गवसला होता ही आख्यायिका मात्र त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी पसरली. आपल्याकडेही रसशास्त्राच्या ग्रंथांत पारा, गंधक आणि धातुवेध यांचा मोठा विचार आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो याच ग्रंथांच्या आधारे. लोखंडाचे सोने कोणाचेच झाले नाही, पण त्या नादात पुष्कळ रसायन हाती लागले.

तेव्हा तळदाराखाली परीस आहे हे मुलांनी अचूक ओळखले. प्रश्न उरला चोराचा. आणि येथे ही बुद्धिमान मुले घसरली.

त्यांचा संशय स्नेप या शिक्षकावर जातो. माणूस कडवट, केस तेलकट, वर्गात हॅरीला टोचून बोलणारा. पुरावेही मिळत जातात. एका रात्री शाळेत राक्षस घुसतो आणि त्याच रात्रीनंतर स्नेप लंगडू लागतो. त्याच्या पोटरीला कुत्रा चावलेला असतो. खेळाच्या सामन्यात हॅरीचा झाडू उसळू लागतो, तेव्हा स्नेप त्याच्यावर नजर रोखून काही पुटपुटत असतो. पुढे जंगलात तो क्विरेल नावाच्या भेदरट, तोतऱ्या शिक्षकाला दरडावताना ऐकू येतो. यापैकी एकही गोष्ट खोटी नाही. मुलांनी डोळ्यांनी पाहिली, कानांनी ऐकली. अर्थ मात्र प्रत्येकीचा नेमका उलटा होता. स्नेप वर गेला तो चोराला अडवायला. पुटपुटत होता तो शाप उतरविण्यासाठी. दरडावत होता तो खऱ्या गुन्हेगाराला. हर्मायनी स्नेपच्या झग्याला आग लावायला धावली आणि वाटेत तिचा धक्का क्विरेलला लागून तो पडला, म्हणून हॅरी वाचला. म्हणजे चुकीच्या माणसाला शिक्षा करताना योग्य माणूस अपघाताने सापडला!

क्विरेलवर कोणाचाच संशय का गेला नाही? कारण तो दुबळा दिसत होता. त्याच्या डोक्यावर पागोटे आहे आणि सारे दुष्टपण त्या पागोट्याखाली दडले आहे. मला हे जरा खटकले, आपल्यालाही खटकेल. पण त्याचा राग धरून पुस्तक मिटून ठेवण्याइतके ते मोठे नाही. महत्त्वाचे हे की, मुलांनी आधी नावड ठरविली आणि मग पुरावा गोळा केला. नैयायिक अशा ठिकाणी हेत्वाभास म्हणतात. कारणासारखे दिसते, पण ते कारण नसते.

एक जागा अशी आहे, जेथे हॅरी खऱ्या तपासकर्त्यासारखा विचार करतो. परीक्षा संपलेली, मुले तळ्याकाठी निवांत पडलेली, आणि त्याच्या मनात येते : हॅग्रिडला ड्रॅगन पाळायचाच होता आणि नेमका त्यालाच, पेयगृहात, एक अनोळखी माणूस ड्रॅगनचे अंडे खिशात घेऊन भेटतो? कायद्याने बंदी असलेली वस्तू घेऊन कोण असे हिंडते? तो उठून धावतो. हॅग्रिड कबूल करतो की, त्या माणसाला त्याने तीन डोक्यांचा कुत्रा संगीताने झोपतो हे सांगून टाकले. येथे आवड-नावड नाही. सोयीच्या योगायोगावर घेतलेली शंका आहे. मग मुले मॅक्गोनागल या शिक्षिकेकडे जातात आणि परीस चोरीला जाणार असल्याचे सांगतात. त्या न्यायी आहेत, शिस्तीच्या आहेत. त्या म्हणतात, परीस सुरक्षित आहे, बाहेर जाऊन ऊन खा. मुलांनी चोराचे नाव चुकविले होते, धोका मात्र अचूक ओळखला होता; आणि त्यांचे पुरते ऐकून घेण्याची मोठ्या माणसाला गरज वाटली नाही.

हे वाचून दाखविताना माझा आवाज थांबला. नात म्हणाली, ‘आजोबा, ओळ हरवली का?’

ओळ हरवली नव्हती. मला १९८३ सालचा जानेवारी आठवला. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी विद्यार्थी वसतिगृहाचा अधीक्षक होतो. रायगडच्या सहलीसाठी मुलांकडून जमा केलेले ३४० रुपये कपाटातून नाहीसे झाले. एक मुलगा होता, त्याचे नाव मी सांगणार नाही. उर्मट, उलट उत्तरे देणारा, प्रार्थनेला हमखास उशिरा येणारा. त्या संध्याकाळी तो कार्यालयापाशी घुटमळताना मी स्वतः पाहिला होता. माझ्या दृष्टीने प्रकरण तेथेच संपले. मी त्याची पत्र्याची पेटी साठ मुलांसमोर उघडायला लावली. दोन सदरे, एक पंचा आणि शेंगदाणे-गुळाची पुरचुंडी. तो काही बोलला नाही. त्याचे न बोलणे हाही मला पुरावाच वाटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन मुले माझ्या खोलीशी आली. सातवी-आठवीतली. त्यांनी आपल्या परीने चौकशी केली होती. शिपायाला विचारले होते, एस.टी. आगारात जाऊन आले होते. त्यांतला सर्वांत लहान म्हणाला, ‘गुरुजी, शनिवारी गाडी ठरवायला आपण आगारात गेला होतात. तेव्हा पैसे बरोबर नेले होते का?’ मी म्हणालो, ‘चोराची वकिली करायला आलात? अभ्यासाला बसा.’ मुले गेली.

तिसऱ्या दिवशी परटाने माझा इस्त्रीचा कोट आणला आणि आतल्या खिशात राहिलेले पाकीट माझ्या हाती दिले. ३४० रुपये. आगाराची खिडकी बंद होती म्हणून मी ते परत आणले होते आणि विसरलो होतो. तो मुलगा कार्यालयापाशी का घुटमळत होता हेही नंतर कळले. घरून पत्र आले आहे का, एवढे त्याला विचारायचे होते आणि धीर होत नव्हता. त्याला खोलीत बोलावून मी क्षमा मागितली. ‘असू द्या, गुरुजी,’ म्हणाला. पेटी उघडली ती साठ जणांसमोर; क्षमा मागितली ती चार भिंतींत. सहलीला तो आला नाही. उन्हाळ्याच्या सुटीनंतर वसतिगृहातही परतला नाही.

पुस्तकाच्या शेवटी मुले तळदारातून खाली उतरतात. रॉन बुद्धिबळाच्या पटावर मित्रासाठी स्वतःचा बळी देतो. विषाच्या कुप्यांचे कोडे हर्मायनी जादूने नव्हे, निव्वळ तर्काने सोडविते. परीस हॅरीच्या हाती येतो तो केवळ यासाठी की, त्याला तो शोधायचा होता, वापरायचा नव्हता. मित्रांनाच अडविण्याचे धैर्य दाखविल्याबद्दल भित्र्या नेव्हिलला जे दहा गुण मिळतात, त्यांनी त्यांचे घर ढाल जिंकते. सगळे सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. नातीने त्या ठिकाणी मनापासून टाळ्या वाजविल्या. मग पांघरूण ओढून घेता घेता तिने विचारले, ‘पण आजोबा, स्नेप सरांची क्षमा कोणी मागितली?’

मी पाने मागे-पुढे उलटून पाहिली. त्या पुस्तकात ती कोणी मागत नाही. सातव्या पुस्तकाच्या अखेरीस, एकोणीस वर्षांनंतरच्या प्रसंगात, हॅरीने आपल्या मुलाला त्या माणसाचे नाव दिलेले दिसते. तोवर तो माणूस हयात नसतो. तिचे अद्याप दुसरे पुस्तकही सुरू व्हायचे होते, म्हणून हे मी तिला सांगितले नाही. दिवा मालवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.