तीन चाकांनी शिकविलेला दानधर्म
(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



केसरिया पार्श्वनाथ प्रभूंच्या या पुण्यभूमीत आपल्या ट्रस्टने सेवेची पन्नास वर्षे पूर्ण केली, हा आपल्या सर्वांच्या भाग्याचा क्षण आहे. 'सेवा' या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, असा विश्वस्त मंडळाचा आग्रह झाला. मी काही वक्ता नव्हे. कापडाच्या गादीवर ज्याचे आयुष्य गेले, त्याला ठाण उलगडता येते. विषय उलगडता येईलच असे नाही. तरीही उभा राहिलो, कारण एक राहून गेलेला हिशेब आपणासमोर मांडावयाचा आहे.

तरुणपणी सायकल हाच माझा घोडा होता. मागच्या कॅरिअरवर कापडाचे गठ्ठे बांधून वडिलांबरोबर आठवडी बाजार केले. वरोरा येथे महाविद्यालयात शिकत असताना वीसेक किलोमीटरचे अंतर सायकलनेच कापीत असे. पुढे व्यापार वाढला, मोटार आली. पण पहाटे गवराळ्याच्या गणपतीपर्यंत सायकलने जाण्याचा नेम मी सोडला नाही. सात वर्षांपूर्वी तो नेम एका रात्रीत सुटला. पक्षाघाताने डावा हात व डावा पाय निकामी केला. औषधोपचार व व्यायाम यांनी काठी घेऊन चालण्यापर्यंत मजल गेली. परंतु तोल काही परत आला नाही. एकदा हट्टाने अंगणात सायकलवर बसलो आणि तुळशीवृंदावनापाशी कोसळलो. घरच्यांनी सायकल माडीवर नेऊन ठेवली.

अशा वेळी एका स्नेह्याने सुचविले, 'आपण शिबिरात देतो ती तीनचाकी घ्या ना.' गाडी आली. मी तिच्यावर बसलो आणि पाच मिनिटांत उतरलो. ती हाताने फिरवावयाची गाडी. दंडा फिरविणे, वळविणे आणि ब्रेक दाबणे, या सर्वांना मिळून दोन धड हात लागत. माझ्याजवळ एकच होता. ज्यांचे पाय गेले आहेत पण बाहूंत बळ आहे, त्यांच्यासाठी ती गाडी वरदानच. माझ्यासाठी ती शोभेची वस्तू होती.

त्या दिवशी मला एका गृहस्थाची आठवण झाली. त्यांनाही पक्षाघातच झाला होता. शिबिरात मी स्वहस्ते त्यांना अशीच गाडी दिली होती, हार घातला होता, छायाचित्रही निघाले होते. मुलाला घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. गाडी गोठ्यात उभी होती आणि तिच्यावर कोंबड्या बसल्या होत्या. मी विचारले, 'तेव्हाच सांगितले का नाही?' ते म्हणाले, 'शेठजी, देणाऱ्याला नाही कसं म्हणावं?' बंधूंनो, या उत्तराने मी खाली मान घातली. गिऱ्हाइकाचे माप घेतल्याशिवाय मी कधी वीतभर कापड फाडले नाही आणि माणसाचे माप न घेता गाड्या वाटत आलो!

आता माझ्या गाडीविषयी सांगतो. मागे रेलून, पाय पुढे पसरून चालविण्याच्या सायकलीला 'रिकंबंट' म्हणतात. गादीवर लोडाला टेकून बसतो ना आपण, जवळजवळ तसेच आसन! ही कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी तशी सायकल बनविली आणि 1933 साली फ्रान्सिस फोर या स्वाराने पॅरिसमध्ये तिच्यावर एका तासात 45 किलोमीटरहून अधिक अंतर कापून जुना विक्रम मोडला. दुसऱ्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकलींना शर्यतींतून बाद केले. त्याच आसनाला तीन चाके जोडली की तोलाचा प्रश्नच उरत नाही आणि पायांत थोडे जरी बळ असले तरी ते कामी येते.

परदेशी गाडीची किंमत ऐकून मी चित्रेच मागविली आणि आमच्याच भागातील एका वेल्डिंगवाल्या कारागिराला दाखविली. पुढे दोन लहान चाके, मागे एक मोठे चाक, दोन जुन्या सायकलींचे सामान. पहिली गाडी एका बाजूला ओढत असे. पुढची दोन चाके समांतर नव्हती. ती जोडणाऱ्या दांडीची लांबी जुळवून त्याने तो दोष काढला. दोन्ही ब्रेकांच्या तारा उजव्या हाताच्या एकाच मुठीत आणल्या. डाव्या पेडलला टाच धरणारी वाटी व पट्टा बसविला. हे फार महत्त्वाचे आहे. कारण या आसनात पाय निसटून जमिनीला टेकला तर गाडी पुढे जाते आणि पाय खाली ओढला जाऊन मोडू शकतो. आसन खोल असल्याने उठताना गाडी सरकू नये म्हणून ब्रेक अडकवून ठेवण्याची सोय केली आणि धरून उठण्यास एक उभा दांडा लावला. गाडी बुटकी, म्हणून ट्रकवाल्यांना दिसावी यासाठी उंच काठीवर केशरी निशाण लावले. वळणावर वेग कमी करावाच लागतो. तीन चाके असली तरी ती उलटते.

डॉक्टरांची अनुमती घेऊन मी निघालो. आपल्याकडचा उन्हाळा आपण जाणताच, म्हणून सूर्योदयापूर्वीच. पहिल्या दिवशी घरापासून मंदिरापर्यंत गेलो. गवराळ्याला पोहोचण्यास चार महिने लागले. तेथे पोहोचलो तेव्हा मुलगा मागे मोटारसायकलवर होता आणि दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

या गाडीत माणूस जमिनीच्या जवळ बसतो. मुनिमहाराजांची ईर्यासमिती आपण प्रवचनांत ऐकली आहे. पुढील भूमी पाहून, जीवजंतू जपून पाऊल टाकावे. पावसाळ्यात रस्ता ओलांडणाऱ्या मुंग्यांची रांग मोटारीतून मला कधी दिसली नव्हती. ती आता दिसते, आणि रस्त्याकडेला बसलेली माणसेही दिसतात.

आपल्या शेजारीच, वरोऱ्याला, आनंदवन आहे. कुष्ठरोग्यांनी व अपंगांनी स्वतःच्या हातांनी उभारलेले ते गाव. बाबा आमटे यांना मणक्याच्या व्याधीमुळे बसता येत नसे. एकतर उभे राहावयाचे किंवा आडवे पडावयाचे. तशा स्थितीत 1985 साली त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर असे 'भारत जोडो' अभियान काढले. तरुण-तरुणी सायकलींवर आणि बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत. 1988 साली इटानगर ते ओखा असे दुसरे अभियान झाले. शरीर ज्या आसनाला तयार आहे त्याच आसनात त्यांनी देश पाहिला. आणि आपल्या समाजाचे उदाहरण द्यावयाचे तर 1975 साली जयपूर येथे डी. आर. मेहता यांनी स्थापिलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती! तेथे प्रत्येकाच्या पायाचे माप घेऊन मगच कृत्रिम पाय बनवितात. मापाचे महत्त्व मला कापडाने शिकविले होते. दानातही ते असते, हे तेथून शिकावयास हवे होते.

1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या कायद्यात एकवीस झाले. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात आढळणारा सिकल सेल हा आजारही त्यांत आहे. त्यात काहींच्या खुब्याचे हाड झिजून चालणे कठीण होते. या सर्वांना एकच साचा कसा पुरेल?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आपल्या शिबिराची वही मी पुन्हा चाळली. दिनांक आहे, नाव आहे, वस्तू आहे, रक्कम आहे. 'पुढे काय झाले' हा रकानाच नाही. म्हणून विश्वस्त मंडळास माझी तीन नम्र निवेदने आहेत. गाडी देण्यापूर्वी माणसाचे माप व त्याची क्षमता जाणकाराकडून तपासावी. दिल्यानंतर सहा महिन्यांनी घरी जाऊन पाहावे आणि दुरुस्तीसाठी वेगळा निधी ठेवावा. आणि आपल्या सभागृहाच्या पाच पायऱ्यांशेजारी एक उतार बांधावा. आज मला येथे दोघांनी उचलून आणले आहे. दात्यांच्या नावांची नवी संगमरवरी पाटी वर्षभर थांबली तरी चालेल. तिच्यावर माझेही नाव आहे, म्हणून हे बोलण्याचा अधिकार मी घेत आहे.

त्या गृहस्थांसाठी त्याच कारागिराने दुसरी गाडी बनविली. या वेळी माप घेतले. त्यांचा उजवा पाय आखूड निघाला, म्हणून पेडल चार बोटे मागे आणावे लागले. ते आता गावातील दुकानापर्यंत स्वतः जातात.

ज्यांना मी मापाशिवाय दान दिले, त्या सर्वांना आज या सभेसमोर मनःपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!