आतड्याचा दाह आणि घरचे पथ्य

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



आजचा विषय चारचौघांत काढण्याजोगा नाही असे कोणाला वाटेल. पण शौचावाटे रक्त जाते हे सांगायची लाज वाटते, म्हणून कितीतरी बायका ते महिनेन्‌महिने अंगावर काढतात. कोणी विचारलेच तर ‘उष्णता झाली’, ‘मूळव्याध असेल’ म्हणून वेळ मारून नेतात. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण नेहमी नसते. म्हणून हा विषय आपण मंडळातच बोललेला बरा.

आतड्याचा वर्षानुवर्षे चालणारा दाह मुख्यत्वे दोन प्रकारचा. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याच्या अस्तराला व्रण पडतात. दुसरा क्रोन्स डिसीज. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो पचनमार्गात कोठेही होतो, पण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात विशेष. वारंवार जुलाब, रक्त, पोटात कळा, उतरत जाणारे वजन आणि अंगात रक्त कमी होणे ही याची लक्षणे. आपल्या देशात आतड्याचा क्षयही थेट असाच दिसतो. तेव्हा निदान घरी करू नये. दुर्बिणीने आतडे पाहून लहानसा तुकडा तपासावा लागतो.

हा रोग का होतो? काही अंश आनुवंशिकतेचा, काही आहार-राहणीचा. आणि शरीराची रक्षण करणारी यंत्रणाच आतड्यातल्या जंतूंवर नको तितकी चवताळून उठते. सुनेने अमुक खाल्ले किंवा आईने लहानपणी तमुक भरवले म्हणून हा रोग झाला, असे कोणालाही म्हणता येणार नाही. आजाऱ्याला आधीच त्रास काय थोडा असतो, की त्यात आपण दोषाची भर घालावी?

आता या जंतूंविषयी. जंतू म्हटले की आपण फिनेलची बाटली शोधतो! पण विरजणाशिवाय दही लागत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? २०१६ साली शास्त्रज्ञांनी केलेल्या हिशेबाप्रमाणे मध्यम बांध्याच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. सर्वांचे मिळून वजन मात्र पाव किलोहून कमी.

हे जंतू जगतात कशावर? धान्याचा कोंडा, डाळी, भाज्या, फळे यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, त्यावर. तो आंबवून ते काही अम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न. दाहाच्या रोग्यांत हे अम्ल करणारे जंतू बरेचदा कमी झालेले आढळतात. २०१६ सालच्या एका प्रयोगात उंदरांच्या आहारातून चोथा काढून टाकला, तेव्हा भुकेले जंतू आतड्याच्या आतला बुळबुळीत संरक्षक थरच खाऊ लागले. घरातला दाणा संपला की माणसे बियाणे खातात, तसेच हे.

प्रयोग उंदरांवरचा, माणसांचेही थोडे सांगते. २१ देशांतील १,१६,०८७ प्रौढांची पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. कारखान्यात बनलेले तयार खाद्यपदार्थ, गोड पेये, खारे चटकमटक दिवसातून पाच किंवा अधिक वेळा खाणाऱ्यांत हा रोग होण्याचे प्रमाण, एकदाही न खाणाऱ्यांच्या किंवा क्वचित खाणाऱ्यांच्या मानाने सुमारे पावणेदोन पटींहून अधिक दिसले. त्या पदार्थांनीच रोग होतो असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण मुलांच्या डब्यात रोज पाकीट घालण्यापूर्वी विचार करावा, इतके खास.

खरी चूक होते ती पथ्यात. रोग उसळला असेल किंवा आतडे कोठे अरुंद झाले असेल, तर डॉक्टर कच्च्या भाज्या, साली, बिया बंद करतात. ते योग्यच. पण रोग शांत झाल्यावरही मऊ भात आणि ताक यांवरच वर्ष काढायचे, हे पथ्य नव्हे. ही उपासमार झाली, माणसाची आणि जंतूंचीही. आतडे अरुंद नसेल, तर डॉक्टरांना विचारून एकेक जिन्नस परत आणावा. प्रथम मुगाचे वरण, शिजवून मऊ केलेला दुधी किंवा लाल भोपळा, पिकले केळे, नाचणीची पेज, मग भाकरी. नवा जिन्नस दोन-तीन दिवस थोडा थोडा द्यावा आणि काय सोसले, काय नाही, ते वहीत टिपून ठेवावे. दूध कित्येकांना सोसत नाही; ताक सोसते. खाणाऱ्यांनी अंडी, मासे सोडू नयेत.

मात्र पथ्य औषधाची जागा घेत नाही. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर थांबवल्या, की रोग पुन्हा डोके वर काढतो. आहार हाच मुख्य उपचार ठरतो तो विशेषतः क्रोन्स झालेल्या मुलांत. त्यांना सहा ते आठ आठवडे केवळ खास तयार केलेले द्रवान्न देतात. पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

शेवटी एक घरगुती गोष्ट. घरातला पुरुष आजारी पडला की त्याचे पथ्य बायको सांभाळते. बाई आजारी पडली तर? सर्वांची पाने वाढून झाल्यावर स्वतःसाठी वेगळे रांधायचे त्राण तिच्यात उरत नाही, आणि रात्रीचे उरलेले तिच्या पानात पडते. अशा घरी शेजारणीने आठवड्यातून दोनदा वाटीभर मऊ भाजी पोचवली, तर तो मोठाच आधार होईल. आणि रक्त दिसले, जुलाब दोन-तीन आठवडे हटेनात, रात्री झोपेतून उठावे लागले, वजन उतरू लागले, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. एकटीला संकोच वाटला तर मंडळातल्या कोणालाही सोबत न्यावे.