गोळी घेतलीय? मग आधी सांगा

मी मेढ्याचा. आठ वर्षं झाली, ट्रकवर ड्रायव्हर आहे. भाजीपाला भरून वाशी मार्केटला जायचं, हे माझं काम. आज एका गोळीची गोष्ट सांगतो.

चार वर्षांपूर्वी थंडीत मला सर्दी झाली. मेडिकलमध्ये गेलो आणि म्हणालो, "सर्दीची गोळी द्या." बास, एवढंच. रात्री गाडी चालवणार आहे हे मी बोललो नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. गोळी घेतली, जेवलो, साताऱ्यात हायवेला लागलो. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलेलं आठवतंय. बाहेर पडलेलं आठवत नाही. बोगद्यानंतरच्या त्या वळणावर क्लीनर ओरडला, "दादा!" तेव्हा डोळे उघडले. पुढं जागा बघून गाडी कडेला लावली आणि तीन तास झोपलो. माल उशिरा पोचला, भाव पडला, मालकानं झापलं. पण आम्ही दोघं जिवंत होतो.

मी दारूला हात लावत नाही. मग झालं काय? तर सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं. त्यानं गुंगी येते. कधी झोप आल्यासारखं वाटत नाही, तरी ब्रेकवर पाय जायला उशीर होतो.

आता नियम काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचं कलम १८५ आपल्याला दारूपुरतंच माहीत असतं. पण त्यात नशेच्या आणि मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांचाही विषय आहे. त्यांच्या अमलाखाली गाडीवर ताबा राहिला नाही, तर तो गुन्हा. झोपेसाठी किंवा टेन्शनसाठी देतात ती अल्प्राझोलम अशाच पदार्थांत मोडते. आपल्याला वाटतं, "डॉक्टरांची चिठ्ठी आहे की!" चिठ्ठी गोळी विकत घेण्यासाठी असते. ती खाऊन गाडी चालवायचं ते लायसन्स नाही.

कलम १८६ वेगळं आहे. आपल्या आजारामुळे लोकांना धोका आहे हे माहीत असून गाडी चालवली, तर त्यालाही दंड आहे.

आपलं ट्रान्सपोर्टचं लायसन्स दर ५ वर्षांनी रिन्यू होतं. तेव्हा डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. आपण स्वतः भरायच्या फॉर्म १ मध्ये फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, रातांधळेपणा आहे का, असं विचारलेलं असतं. पण 'सध्या कुठली औषधं चालू आहेत' असा रकाना त्यात नाही. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरच्या तपासणीच्या फॉर्मवर चालू औषधं लिहावी लागतात. आपल्याकडं कुणी विचारत नाही, म्हणून आपणच सांगायचं.

पण सांगायला भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. माझ्या ओळखीच्या एका ड्रायव्हरनं दोन वर्षं शुगर लपवली. मालकाला कळलं तर ट्रिप जाईल, घरचा हप्ता थांबेल. त्यामुळं तो गोळी चोरून घ्यायचा आणि वेळ वाचवायला जेवण टाळायचा. शुगरच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं, तर शुगर एकदम खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधार. त्याला हे कुणी समजावलंच नव्हतं, कारण डॉक्टरांनाही त्यानं 'शेती करतो' असं सांगितलेलं!

म्हणून मी आता तीन गोष्टी पाळतो. एक, डॉक्टर असो की मेडिकल, पहिलं वाक्य हेच: "मी रात्री ट्रक चालवतो, झोप येणारी नको." बऱ्याचदा दुसरी गोळी मिळते, नाहीतर घ्यायची वेळ बदलून देतात. दोन, नवीन गोळीचा पहिला डोस सुट्टीच्या दिवशी घरी घ्यायचा. लगेच घ्यावी लागली, तर त्या दिवशी गाडी नाही. तीन, चालू गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवायचा आणि क्लीनरलाही सांगून ठेवायचं.

आणि हे ऐकून बीपीची, शुगरची, फिटची गोळी मनानं बंद करू नका. ते तर जास्त धोक्याचं.

मालक मंडळींनाही एक विनंती. पोरगं "आज गोळी घेतलीय" म्हणालं, तर त्याची ट्रिप कायमची काढू नका. एक रात्र दुसरा ड्रायव्हर द्या. नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.

तुमच्या घरात कुणी गाडीवर असेल, तर आज फोन करा आणि विचारा, "गोळी कुठली चालू आहे?" भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा!