वाय कुठे गेला?

आजचा विषय छोटा आहे, पण जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी छळणारा. कीबोर्ड.

इथल्या कीबोर्डवर वाय आणि झेड यांनी जागा बदलल्यात. म्हणजे सवयीने टाइप केलंत, तर आदित्यचा आदित्झ होतो आणि पिझ्झाचा पिय्या. हसू येतं. पण कंट्रोल-झेडला बोट जुन्याच जागी गेलं की लागतं कंट्रोल-वाय, आणि वर्डमध्ये मागे घ्यायची गोष्ट पुन्हा घडते! त्यात कंट्रोलच्या बटणावर 'कंट्रोल' लिहिलेलंच नसतं, 'श्ट्रग' असतं. श्टॉयरुंगचं लघुरूप.

खरा घोळ पासवर्डचा. शिफ्ट आणि दोन दाबलं की ॲट येत नाही, अवतरणचिन्ह येतं. ॲट हवा तर उजवीकडचं ऑल्ट-जीआर धरून क्यू. पडद्यावर नुसते ठिपके, त्यामुळे काय चुकतंय ते कळतच नाही, आणि अर्जाची शेवटची तारीख असते आज. म्हणून डोळ्याचं चिन्ह दिसलं की ते दाबून बघाच. कोड लिहिणाऱ्यांना महिरपी कंस सात आणि शून्यावर शोधावे लागतात, तेही ऑल्ट-जीआर धरून.

बरेच जण सांगतात, सेटिंगमध्ये जाऊन अमेरिकन लेआउट लाव, विषय संपला. घरच्या लॅपटॉपवर ठीक आहे हो. विद्यापीठाच्या लॅबमध्ये, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काय करणार? शिवाय इथे टिंबांना अर्थ आहे: 'शोन' म्हणजे आधीच, आणि त्याच ओवर दोन टिंबं दिली की 'सुंदर'. माझं मत स्पष्ट आहे, इथलाच लेआउट बोटांत बसवा. मी रोज पंधरा मिनिटं बटणांकडे न बघता जर्मन मेल टाइप करायचो. पहिला आठवडा वैताग आला, मग बोटं आपोआप वळायला लागली.

(फ्रान्सवाल्यांनो, तुमच्या जुन्या लेआउटवर आकड्यांनाही शिफ्ट लागतं. तुम्हाला माझा नमस्कार.)

आता गंमत. मराठीसाठी इनस्क्रिप्ट वापरत असाल, तर काहीच बदलत नाही! 1986 मध्ये प्रमाणित झालेला हा लेआउट बटणाची जागा बघतो, त्यावरचं अक्षर नाही. क तिथेच, त तिथेच. टिंबवाल्या यूवर ड, ओवर च, एवर ट. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना मात्र 'य' शोधावा लागतो. आईला मेसेज करताना मी इनस्क्रिप्टवर जातो, आणि बोटं न अडखळता चालतात.

तुमच्या देशात कुठलं बटण छळतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.